यंत्रे आली, ती चालविणारी माणसे कोठे आहेत?

'यंत्राला जात नसते' हे वाक्य आपल्या समाजातील सुशिक्षित तरुणांच्या तोंडी नेहमी असते. जपानमध्ये आलेल्या आपल्या कुटुंबांपैकी पुष्कळांचा चरितार्थ संगणकावर चालतो, तेव्हा यंत्राविषयीची ही कृतज्ञता समजण्यासारखी आहे. परंतु कोरोना महामारीचा अनुभव गाठीशी असतानाही 'यंत्रे पाठवा, ॲप काढा, म्हणजे आरोग्याचा प्रश्न सुटला' असे जे प्रतिपादन आपल्या बैठकांतून हिरिरीने केले जाते, ते एक डॉक्टर या नात्याने मला मुळीच मान्य नाही.

ज्या देशाचे अन्न आपण खातो त्याचाच दाखला घेऊ. एक्मो नावाचे यंत्र रुग्णाचे रक्त शरीराबाहेर काढते, त्यात प्राणवायू मिसळते आणि ते पुन्हा शरीरात सोडते. फुप्फुसे थकलेल्या माणसाला त्यामुळे सवड मिळते. २००९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत हे यंत्र जपानकडे नव्हते असे नाही. तरीही ज्या १४ रुग्णांवर ते वापरल्याची नोंद डॉ. ताकेदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली, त्यांपैकी अवघे ५ वाचले. त्याच साथीत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे हा उपचार मिळालेल्या ६८ रुग्णांपैकी, अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत, १४ दगावले होते. कारणे जपानी डॉक्टरांनी स्वतःच नमूद केली. उपकरणांत उणिवा होत्याच, पण त्याबरोबरच प्रशिक्षित कर्मचारी नव्हते, उपचाराची ठरलेली पद्धती नव्हती, आणि रुग्णाला अनुभवी केंद्राकडे हलविण्याची व्यवस्था नव्हती.

त्यानंतर या मंडळींनी वर्षानुवर्षे प्रशिक्षणवर्ग घेतले. डॉक्टर, परिचारिका आणि यंत्रतज्ज्ञ यांना एकत्र बसवून शिकविले. फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोना दारात उभा असताना 'एक्मोनेट' स्थापन झाले. देशातील कोणत्याही रुग्णालयाने रात्री-अपरात्री दूरध्वनी करावा आणि अनुभवी तज्ज्ञाने सल्ला द्यावा, अशी ती योजना होती. पहिल्या लाटेत एक्मोवर ठेवलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक त्या यंत्राच्या आधारातून बाहेर आले. ज्यांना ॲपचेच कौतुक करावयाचे आहे त्यांनी या दूरध्वनीचेही थोडे करावे.

याच वेळी, १ एप्रिल २०२० रोजी, जपानच्या अतिदक्षता वैद्यक संघटनेचे अध्यक्ष ओसामू निशिदा यांनी इशारा दिला होता, की दर लाख लोकसंख्येमागे अतिदक्षतेच्या खाटा जर्मनीत २९-३०, इटलीत सुमारे १२ आणि जपानमध्ये केवळ ५ आहेत. खाटेशेजारी उभी राहणारी शिकलेली माणसे अपुरी आहेत, ही त्यांची खरी चिंता होती. परिचारिका कारखान्यात तयार होत नाही!

उलट बाजूही पाहा. होकेन्जो, म्हणजे येथील सार्वजनिक आरोग्य केंद्रे, १९९२ मध्ये ८५२ होती. काटकसरीच्या नावाखाली ती २०२० पर्यंत ४६९ वर आली. महामारी सुरू झाली तेव्हा या प्रगत देशातील डॉक्टर हाताने अर्ज भरून फॅक्सने पाठवीत होते. मग घाईघाईने संगणकप्रणाली आली, जून २०२० मध्ये 'कोकोआ' हे ॲप आले. अँड्रॉइड फोनवर संपर्काच्या सूचना सप्टेंबरपासून पोहोचतच नव्हत्या, आणि ही गोष्ट जाहीर झाली २०२१ च्या फेब्रुवारीत.

आता जातीविषयी. बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर ज्या तत्त्वावर चालतो ते १९७४ मध्ये ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने मांडले. हे गृहस्थ एप्रिल २०२० मध्ये, त्यांचे यंत्र जगभर घरोघरी पोहोचत असतानाच, निवर्तले. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ असा समाधानकारक आकडा दाखवीत असताना रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात धोकादायक पातळीवर उतरल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. यंत्राला जात नसेल, पण कातडीचा रंग त्याला चुकवितो. म्हणूनच त्या आकड्यावर विसंबून न राहता रुग्णाचा श्वास मोजणारा माणूस शेजारी लागतो. आपण सावळ्या वर्णाची माणसे आहोत, हे आपल्या यंत्रभक्तांनी विसरू नये.

कोणी म्हणेल, बाबासाहेब तर यंत्रांचे समर्थक होते. निश्चितच होते. गांधीवादाचा समाचार घेताना १९४५ मध्ये त्यांनी यंत्राची बाजू घेतली, परंतु त्याच ठिकाणी दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, असेही बजावले. आपण पहिला भाग पाठ केला आणि दुसरा सोयीस्करपणे सोडून दिला.

मायदेशी काय झाले? २०२१ मध्ये औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय रुग्णालयाला मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरांपैकी वापरात आणलेले ११३ सदोष निघाल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा केंद्राच्या बाजूने वापरणाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे बोट दाखविण्यात आले. दोष कोणाचाही असो, खाटेवरच्या रुग्णाला त्या वादाचा काय उपयोग? त्याच वर्षी जून महिन्यात, घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन हिंडणाऱ्या राज्यातील सुमारे ७० हजार आशा स्वयंसेविकांना योग्य मोबदल्यासाठी संप करावा लागला. त्यांच्या हाती यंत्र होते. पदरात काय होते?

२०२१ च्या उन्हाळ्यात परदेशस्थ भारतीयांनी प्राणवायूची यंत्रे मोठ्या संख्येने मायदेशी पाठविली. भावना थोर होती. परंतु फिल्टर बदलणारा, वीज गेल्यास काय करावे हे जाणणारा माणूस किती खोक्यांबरोबर गेला?

म्हणून माझी मागणी अशी आहे. आपल्या संघटनेने आरोग्यासाठी जमविलेल्या निधीतील निम्मी रक्कम यंत्रांऐवजी प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी. आपल्या वस्त्यांतील मुलींना परिचर्येच्या शिक्षणासाठी आणि मुलांना वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीसाठी पूर्ण मुदतीची शिष्यवृत्ती द्यावी. येथे जपानी शिकलेल्या आपल्या भगिनींना रुग्णालयातील दुभाष्याचे रीतसर शिक्षण मिळावे, आणि तेही मोबदल्यासह, फुकटची समाजसेवा म्हणून नव्हे. हा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. ज्यांना तो अमान्य असेल त्यांनी गेल्या काही वर्षांत आपण पाठविलेली यंत्रे आज कोठे आहेत आणि त्यांतील किती चालू आहेत, याचा हिशेब सोबत घेऊन यावे.