वॉशिंग्टन, २०१३ : नकाराधिकार कोणासाठी?

जुलै २०१३. वॉशिंग्टन डी.सी.च्या नगरपरिषदेने ८ विरुद्ध ५ मतांनी विधेयक संमत केले : वर्षाला अब्ज डॉलरहून अधिक विक्री असलेल्या कंपन्यांच्या भव्य दुकानांत ताशी किमान १२.५० डॉलर वेतन, इतरत्र ८.२५च. वॉलमार्टने तीन नियोजित दुकाने सोडून देण्याचा इशारा दिला. महापौर व्हिन्सेंट ग्रे यांनी रोजगाराचे कारण देत नकाराधिकार वापरला. गरिबांच्या नावाने घेतलेली ही माघारच, असे माझे मत. (शब्द कंपनीचा, भरवसा महापौरांचा!) जानेवारी २०१६ मध्ये अ‍ॅनाकोस्टिया नदीपलीकडच्या गरीब वस्त्यांतील दोन नियोजित दुकाने वॉलमार्टने रद्द केली. तेथील मजुरांचे किमान वेतन वाढले, ते डिसेंबर २०१३ मध्ये संमत झालेल्या, लहानमोठ्या दुकानांना सारख्याच लागू असलेल्या कायद्याने : टप्प्याटप्प्याने ११.५० डॉलरपर्यंत.