काळे मांजर आणि आपण

गेल्या पावसाळ्यात आमच्या कारापूरच्या घरी, गोठ्यात मांजर व्याले. पिल्ले चार. दोन महिन्यांची होताच तीन गेली. चौथे, काळे, दोनदा नेले गेले आणि दोनदा परत आले. दुसऱ्यांदा परत आणणारे गृहस्थ चांगले पदवीधर. ‘माझे काही नाही हो, घरच्यांना चालत नाही,’ असे म्हणाले. आपल्या जुन्या घराण्यांतून अंधश्रद्धा नेहमी घरच्यांची असते, स्वतःची कधीच नसते!

हे वैर आपल्या कुळाचारात तरी कोठे आहे? मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री जिची पूजा मांडतो, जी बाळाच्या कपाळी विधिलिखित लिहिते, त्या षष्ठीचे वाहन मांजरच. मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर दान करावे, हेही आजीनेच सांगितलेले. रंगाचे म्हणाल, तर वाळवंटीकाठी विठ्ठलापूरच्या मंदिरात आपण सावळ्या विठ्ठलापुढेच माथा टेकतो ना? पिल्लाचा काळेपणा मेलॅनिन नावाच्या द्रव्याचा. आपल्या केसांतही तेच असते. (पुष्कळ वाचकांच्या केसांत ते आता उरले नसेल, हे वेगळे.) जपानात आणि ब्रिटनच्या काही भागांत हेच काळे मांजर शुभ मानतात.

मी सरकारी नोकरीत असताना मांजर आडवे गेले की आमचा जीपचालक दुसरे वाहन पुढे जाईपर्यंत गाडी उभी करी. एकदा डिचोलीच्या रस्त्यावर आमच्या मागे खनिजाचे ट्रक खोळंबले. अपशकुन टाळण्यासाठी अपघाताला आमंत्रण! त्याहून मला आज जे टोचते ते निराळेच. दुसऱ्याने आधी जावे, म्हणजे अरिष्ट त्याच्या माथी जावे, हीच त्या थांबण्यामागची अपेक्षा होती. असला स्वार्थ आपण शकुन म्हणून जपतो. त्या वेळी मीही गप्प बसलो, हे कबूल करतो.

महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. मनातला हा बाऊ मात्र कायद्याने जाणारा नव्हे. तरी घरची पिल्ले पिशवीत घालून बाजारात सोडणाऱ्यांनी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम अवश्य वाचावे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे.

पिल्लांच्या आईची शस्त्रक्रिया मी करून घेतली. काळे पिल्लू आता ओटीवर निजते आणि भाताच्या पोत्यांकडे उंदीर फिरकत नाही. ते परत आणणारे गृहस्थ परवा भेटले, तेव्हा घरातल्या उंदरांची तक्रार करीत होते.