ट्रंकेवरचा नंबर

डिसेंबर लागला की नगरात माजी विद्यार्थ्यांचे मेळावे सुरू होतात. कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण मेळाव्याला येणारी माणसं अजून 'नगरला'च येतात. परवा एका मुलींच्या बोर्डिंगच्या मेळाव्यात सत्तरीच्या एका बाई आपली पत्र्याची ट्रंक घेऊन आल्या. झाकणावर पांढऱ्या रंगात नुसता नंबर. मैत्रिणींनी हाकही तशीच मारली, ''अगं सत्तेचाळीस, इकडे ये!''

अशा शाळांना आपण सरसकट इंग्रजी बोर्डिंग म्हणतो, पण इथली परंपरा अमेरिकनांची. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 मध्ये. 1839 मध्ये या मिशनच्या सिंथिया फरार आल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये पुण्यात शाळा काढली, हे पाठ्यपुस्तकात असतं. नगरच्या त्या शाळेतल्या मुली नसतात.

इंग्लंडातल्या ईटन या बोर्डिंग शाळेचे लोक आपले वीस पंतप्रधान मोजून दाखवतात. परवाच्या मेळाव्यात हात वर करायला सांगितलं, तर निम्म्या मास्तरणी, बऱ्याचशा नर्स निघाल्या. या अंकात त्यांच्याच आठवणी आहेत. शुद्धलेखन आम्ही सुधारलंय. बोर्डिंगच्या पातळ डाळीला घातलेल्या शिव्या मात्र जशाच्या तशा ठेवल्यात.