लॅटिनमधले सत्य मराठीत कधी?

आपल्या धर्मग्रामांतून विवाहपूर्व तयारीची शिबिरे नेमाने भरतात. तेथे विवाहसंस्काराची थोरवी सांगितली जाते, घरखर्चाचे गणित मांडले जाते, सासरच्या माणसांशी कसे वागावे याचा उपदेश होतो, नैसर्गिक कुटुंबनियोजनाचे तक्तेही फळ्यावर काढले जातात. परंतु ज्या देहमीलनाने विवाह पूर्णत्वास जातो, त्या मीलनात पत्नीच्या वाट्याला काय यावे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही आणि कोणी त्याचे उत्तरही देत नाही. चहाची वेळ होते, डोळे खाली झुकतात आणि विषय संपतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : पत्नीचे लैंगिक सुख ही पतीने मर्जीनुसार द्यायची भेट नव्हे, ते तिचे देणे आहे. हे मत आम्ही पाश्चात्त्य मासिकांतून उसने आणलेले नाही. ख्रिस्तसभेच्या परंपरेतच त्याला आधार आहे. मात्र तो शतकानुशतके लॅटिनच्या कुलपात राहिला आणि ज्यांच्याविषयी तो होता, त्या आपल्या आयाबहिणींच्या कानी तो त्यांच्या भाषेत कधी पडला नाही.

प्रथम एका आक्षेपाचा समाचार घेऊ. ‘तुम्ही अविवाहित धर्मगुरू, तुम्हांला या विषयात बोलण्याचा अधिकार काय?’ आक्षेप रास्त आहे. अनुभवाचा अधिकार आमच्यापाशी नाही आणि आम्ही तो सांगतही नाही. परंतु वेदीपुढे वधूवरांचा होकार आम्हीच ऐकतो, काय पाप आणि काय नव्हे हे आम्हीच शिकवतो. निषेध करताना ज्यांची वाणी अडखळत नाही, त्यांनी आशीर्वाद देताना मौन पाळावे, हा कोणता न्याय?

आता परंपरेकडे वळू. तिच्यात देहाविषयी संशय बाळगणारा प्रवाह आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. संत जेरोम यांनी स्वतःच्या पत्नीवर अतिउत्कट प्रेम करणाऱ्या पतीलाही व्यभिचाऱ्याच्या पंक्तीत बसवले होते. परंतु दुसरा प्रवाहही तितकाच जुना आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी असा प्रश्न घेतला की, आदिपापापूर्वीच्या निर्मळ अवस्थेत स्त्रीपुरुषांच्या मीलनात सुख असते काय? त्यांचे उत्तर असे की, ते कमी नव्हे तर अधिकच असते. कारण निसर्ग जितका शुद्ध आणि देह जितका संवेदनशील, तितका आनंद मोठा. म्हणजे सुख हे पापाचे अपत्य नव्हे. पापाने ते मलिन केले असेल, जन्माला घातलेले नाही.

अठराव्या शतकातील संत आल्फोन्स लिगोरी यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १८७१ साली त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून गौरविण्यात आले आणि १९५० साली पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून घोषित करण्यात आले. त्यांच्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात पुढील प्रश्न चर्चिला आहे : मीलनात पतीची पूर्ती आधी होऊन तो बाजूला झाला आणि पत्नीची राहून गेली, तर तिने लगेच स्पर्शाने ती पूर्ण करून घेणे पाप आहे काय? त्या काळच्या नीतिशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत होते की, पाप नाही. कारण ते त्याच एका वैवाहिक कृतीचे पूर्णत्व आहे. लिगोरी यांनीही हे मत ग्राह्य धरले. या मंडळींचे शरीरशास्त्र जुने होते. स्त्रीच्या पूर्तीचा गर्भधारणेशी संबंध असतो असे ते समजत, ते आज टिकत नाही. परंतु पत्नीची पूर्ती अर्धी राहणे ही उणीव आहे, ही न्यायबुद्धी त्यांच्यापाशी होती. ही चर्चा सेमिनरीतील विद्यार्थ्यांनी लॅटिनमध्ये वाचली, परीक्षाही दिल्या. आणि जिच्यासाठी हे उत्तर होते, ती माउली मात्र आपल्याच देहाला घाबरून, मनातल्या मनात क्षमा मागत झोपी गेली!

विसाव्या शतकात हे कुलूप ख्रिस्तसभेने स्वतःच उघडले. २९ ऑक्टोबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी इटलीतील सुइणींपुढे बोलताना स्पष्ट केले की, पतिपत्नींना देहाने आणि मनाने सुख व्हावे ही योजना निर्मात्याचीच आहे आणि ते सुख घेण्यात काही वावगे नाही. हाच विचार पुढे १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात आला. १९६० साली पोलंडमध्ये कारोल वोयतिवा या तरुण बिशपांनी (पुढे ते पोप दुसरे जॉन पॉल झाले) ‘प्रेम आणि जबाबदारी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी निःसंकोचपणे लिहिले की, स्त्रीची उत्तेजना पुरुषाच्या मानाने सावकाश चढते आणि सावकाश उतरते. म्हणून पतीने आपल्या सुखाची घाई न करता पत्नीही पूर्तीस पोहोचेल असे वागले पाहिजे आणि ही प्रेमाचीच मागणी आहे. पत्नीच्या थंडपणाचे मूळ पुष्कळदा पुरुषाच्या स्वार्थात असते, असेही त्यांनी बजावले. १९८३ च्या धर्मकायद्याने विवाहाची परिपूर्ती ‘मानवी रीतीने’ व्हावी असे म्हटले आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात शृंगारप्रेमाला देवाचे दान म्हटले.

मग प्रश्न असा की, पोपमहोदय सुइणींशी जे बोलू शकले, ते आपण आपल्या लेकीसुनांशी का बोलू शकत नाही? याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले सोसले. एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे नास्तिक होते. संततिनियमनाच्या साधनांविषयीची त्यांची मते आम्हांस मान्य नाहीत. परंतु स्त्रीच्या सुखाविषयी सरळ मराठीत लिहिण्याचे धैर्य एका नास्तिकाने दाखवावे आणि देहधारी देवाची उपासना करणाऱ्या आपण मूग गिळून बसावे, याची आपणांस खंत वाटली पाहिजे.

मौनाने रिकामी ठेवलेली जागा अज्ञानाने भरली जाते. आपल्या काळात तर ते अज्ञान शास्त्राचा झगा घालून आले. १९०५ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी असा सिद्धान्त मांडला की, मुलीचे सुख शिश्निकेशी, म्हणजे योनीच्या वरच्या बाजूस असणाऱ्या छोट्या संवेदनशील अवयवाशी, निगडित असते. परंतु स्त्री प्रौढ झाली की ते योनीकडे सरकले पाहिजे. त्यातून कामपूर्तीच्या दोन जाती निर्माण झाल्या : एक प्रौढ, दुसरी अपरिपक्व. पतीच्या प्रवेशाने जिला पूर्ती लाभत नाही, ती स्त्री अपुरी ठरली. फ्रॉइड यांच्या शिष्या मारी बोनापार्त या राजघराण्यातील विदुषी; या कल्पनेपायी त्यांनी स्वतःवर शस्त्रक्रियाही करून घेतल्या. इच्छित फळ मिळाले नाही. मिळणार कसे? दोष देहात नव्हताच, तो मोजपट्टीत होता.

पुढील संशोधनाने ही मोजपट्टी मोडली. १९६६ साली मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी प्रत्यक्ष निरीक्षणातून दाखवले की, स्पर्श कोठेही झाला तरी पूर्तीच्या क्षणी शरीरात घडणारी क्रिया मूलतः एकच असते : ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लयीत, साधारण ०.८ सेकंदाच्या अंतराने आकुंचन पावतात आणि साठलेला ताण मोकळा होतो. १९९८ साली ऑस्ट्रेलियातील शल्यचिकित्सक हेलन ओकॉनेल यांनी शवविच्छेदनातून सिद्ध केले की, बाहेरून दिसणारी शिश्निका हे केवळ टोक आहे. तिचा मोठा भाग आत, योनीच्या दोन्ही बाजूंस पसरलेला असतो. म्हणजे ज्यांना दोन जाती म्हटले गेले, त्या बहुतांशी एकाच अवयवाकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत. २०१८ साली अमेरिकेतील एक हजाराहून अधिक स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात केवळ प्रवेशाने पूर्ती पुरेशी होते असे सांगणाऱ्या स्त्रिया शेकडा १८ च्या आसपास होत्या. शिश्निकेच्या स्पर्शावाचून पूर्ती होतच नाही असे सांगणाऱ्या शेकडा ३७ च्या आसपास. जिला आजवर अपवाद समजले गेले, ती स्त्री अपवाद नव्हेच.

भाषेचाच पाहा ना! ‘शिश्निका’ म्हणजे लहानसे शिश्न. स्त्रीच्या देहाला नाव देतानाही आपण पुरुषाच्या देहाचे माप घेतले. खरे तर निसर्गात या अवयवाचे सुखावाचून दुसरे ठळक कार्य दिसत नाही. जो निर्मात्यावर विश्वास ठेवतो, त्याने यातून काय समजावे? देवाने हा अवयव नजरचुकीने घडवला, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस तरी होत नाही.

सुखाच्या तऱ्हा मात्र अनेक आहेत, हे खरे. कोणाला बाहेरील स्पर्शाने, कोणाला मीलनाने, कोणाला दोहोंनी. कोणाला एकदा, कोणाला लागोपाठ. कधी लाटेसारखे जोरदार, कधी मंद ऊब पसरावी तसे. तीच स्त्री पंचविशीत, बाळंतपणानंतर आणि रजोनिवृत्तीनंतर वेगळे अनुभवते. थकवा, चिंता, मधुमेह, नैराश्यावरील काही औषधे यांचाही परिणाम होतो. पुष्कळ स्त्रियांत इच्छा आधी येत नाही. आपुलकीचा शब्द आणि निवांत स्पर्श यांच्या मागून ती येते. यांत वरची जात नाही, खालची जात नाही. मीलनात वेदना होत असतील तर तो मुकाट्याने वाहायचा क्रूस नव्हे; स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्याचे ते कारण आहे आणि पतीने थांबण्याचे.

येथे दुसऱ्या बाजूचाही समाचार घेतला पाहिजे. आज बाजाराने कामपूर्तीला परीक्षेचे गुण करून टाकले आहे. किती वेळा, किती तीव्र, किती वेळात, याची यादी घेऊन जोडपी एकमेकांकडे पाहू लागली, तर जुनी हुकूमत जाऊन नवी आली एवढेच होईल. पतीचा अहंकार सांभाळण्यासाठी पत्नीने पूर्तीचे सोंग वठवणे, हे या दोन्ही हुकुमतींचे फळ आहे. एखाद्या रात्री पूर्ती झाली नाही म्हणून प्रेम नापास होत नाही. परंतु वर्षानुवर्षे ती होत नाही आणि कोणी विचारतही नाही, तेव्हा प्रेमाच्या नावाखाली अन्याय चाललेला असतो.

संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय आपले पुरुष अर्धाच वाचतात. पत्नीची तिच्या देहावर सत्ता नाही, एवढे त्यांच्या लक्षात राहते. पतीचीही स्वतःच्या देहावर सत्ता नाही, ती पत्नीची आहे, हे पुढचे वाक्य विसरले जाते. आणि त्याआधीच पौलाने पतीला पत्नीचे देणे चुकते करण्यास सांगितले आहे; पत्नीच्या कर्तव्याचा उल्लेख त्यानंतर येतो. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनीही लिहिले की, जोडीदाराची स्थिती आणि इच्छा न पाहता लादलेले मीलन ही प्रेमाची कृती नव्हे. ‘नवऱ्याला नाही म्हणू नये’ असे मुलीच्या कानात सांगून तिची पाठवणी करणाऱ्या आयांनी हे ऐकावे. आणि मुलांना काहीच न सांगणाऱ्या बापांनी तर अवश्य ऐकावे.

म्हणून आमचे मागणे असे आहे. प्रत्येक विवाहपूर्व शिबिरात एक पूर्ण सत्र या विषयाला द्यावे. त्यात एक स्त्री-डॉक्टर आणि एक अनुभवी जोडपे असावे. अवयवांची नावे न लाजता घ्यावीत. पतिपत्नींच्या मीलनात पत्नीला सुख वाटणे वा तिने ते मागणे हे पाप नव्हे, असे धर्मगुरूंनी पापनिवेदनाच्या वेळी निःसंदिग्धपणे सांगावे. आणि पतीने पत्नीला विचारावे : तुला काय आवडते, काय नको? या प्रश्नाला खर्च नाही, पदवी लागत नाही. लागते ती नम्रता.

काना येथे लग्नघरी द्राक्षारस संपला, तेव्हा मरियामातेने ते पाहिले आणि बोलून दाखवले. ती गप्प राहिली असती तर रांजणांतले पाणी पाणीच राहिले असते. आपल्या कित्येक घरांत द्राक्षारस कधीच संपला आहे. ते पाहणारे डोळे पुष्कळ आहेत. बोलणारे ओठ हवे आहेत, आणि तेही मराठीत.