पाडव्याचे दोन संकल्प

पाडव्याला संकल्प सोडण्याची माझी जुनी खोड. यंदाचे मोबाईलविषयी, आणि दोनच. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडणाऱ्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा आम्हां मास्तरांची छाती फुगली. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी फोन एकच. तोही आईबरोबर कामाला जातो, रात्री आठाला परततो! म्हणून पहिला संकल्प: कोड उघडायचा तो वर्गातच, घरच्या अभ्यासात नाही. दुसरा: चित्रफीत पाचच मिनिटे; पुढचा तास मुलांच्या प्रश्नांचा. (शांत वर्ग हवा असणाऱ्यांनी हा सोडू नये.)

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “सर, उद्दिष्टे तक्त्यात भरा.” तक्त्यात ‘घरी फोन कोणाचा?’ हा रकाना नव्हता. तो मी पेनाने आखला.