नोटेवरची नॅनी आणि गुन्हा ठरलेली विद्या

जमैकाच्या पाचशे डॉलरच्या नोटेवर नॅनीचं चित्र आहे. मळ्यांतून पळून डोंगरात राहिलेल्या मरून लोकांची ही पुढारी अठराव्या शतकात इंग्रज फौजांशी लढली. शत्रूच्या गोळ्या ती हाताने झेलायची, असं मरून लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. देशाच्या सात राष्ट्रीय वीरांत ती एकटीच स्त्री आहे. ज्या ओबिया विद्येसाठी ती ओळखली जाते, ती विद्या मात्र 1898 च्या कायद्यानुसार आजही गुन्हा आहे.

ओबिया म्हणजे जडीबुटी, मंत्र, पितरांशी बोलणं, करणी आणि करणीवरचा उतारा. 1760 मध्ये टॅकीच्या पुढारीपणाखाली गुलामांनी बंड केलं, तेव्हा एका ओबिया जाणत्याने लढणाऱ्यांना घाव लागू नये म्हणून भुकटी दिली. मळेवाल्यांनी त्याला फासावर चढवलं आणि त्याच वर्षी कायदा केला. शिक्षा मृत्यूची किंवा हद्दपारीची. आक्षेपार्ह वस्तूंची यादीही त्यात आहे: रक्त, पिसं, पोपटाची चोच, कुत्र्याचे दात, फुटक्या बाटल्या, थडग्यावरची माती, रम, अंड्याची टरफलं. अशा वस्तूंवर शपथ घेऊन गुलाम एक होत. मळेवाल्यांना खरी धास्ती त्या एकीची होती.

टॅकीचे बरेच साथीदार आजच्या घानातल्या आकान मुलखातले. अनान्सी कोळ्याच्या गोष्टीही तिथूनच आल्या. हा चिमुकला कोळी वाघाला फसवतो. जमैकात वाघ नाही, तरी गोष्टीत तो टिकला, कारण गुलामांना बलदंड धन्याची ओळख रोजची होती. मार्था बेकविथ यांनी या गोष्टी 1924 मध्ये पुस्तकात आणल्या. लुईज बेनेट यांनी त्या बोलीभाषेत घरोघरी पोचवल्या.

गोष्टीला मान मिळाला, विद्येला तुरुंग. जीन ऱ्हीस यांच्या 1966 मधल्या ‘वाइड सारगॅसो सी’ कादंबरीत नायिकेची बाजू रोखठोक मांडते ती ओबिया जाणणारी क्रिस्तोफीन. क्रिस्तोफीनला गप्प करायला नायिकेच्या इंग्रज नवऱ्याला पोलिसांचा धाक पुरतो.

1898 च्या कायद्याने ओबियाचा प्रसार करणारं छापील साहित्य विकणंही गुन्हा ठरवलं. 2013 मध्ये फटक्यांची शिक्षा काढली, कायदा ठेवला. भोंदूने लुबाडलं किंवा विष घातलं तर त्यासाठी फसवणुकीचे आणि खुनाचे कायदे आहेतच. बार्बाडोसने 1998 मध्ये ओबियाला गुन्ह्यांतून वगळलं. जमैकाच्या संसदेनेही तेच करावं.