निनावी बातमीचा धनी कोण?

थेरगावच्या पदमजी कारखान्यात कागद आजही तयार होतो. पण त्याच थेरगावातील नव्या गृहसंकुलांत सकाळी दाराच्या कडीला अडकवलेले दैनिक शोधावे लागते. डांगे चौकातून हिंजवडीकडे निघालेला अभियंता असो की चाकणच्या कारखान्याची बस पकडणारा कामगार, दोघांचीही मान भ्रमणध्वनीत खुपसलेली असते. २०२० च्या टाळेबंदीत वर्तमानपत्र घरी येणे थांबले. त्या एप्रिल महिन्यात राज्य शासनाने घरोघर वितरणास मनाई केली आणि पुढे ती सैल करतानाही मुंबई-पुण्याचे महानगर क्षेत्र वगळले. तेव्हा बंद झालेले दैनिक कित्येक घरांत पुन्हा सुरू झालेच नाही. साथ गेली, तिच्यासोबत वाचनाची सवयही गेली.

कारण विचारले की ठरावीक उत्तर मिळते : "सगळी वर्तमानपत्रे विकली गेली आहेत. खरे काय ते आम्हाला ग्रुपवर कळते." या उत्तराचा पूर्वार्ध निराधार नाही, आणि म्हणूनच उत्तरार्ध अधिक घातक आहे.

वृत्तपत्रसृष्टीने स्वतःची पत स्वतःच घालवली, हे तिच्या कैवाऱ्यांनी आधी मान्य करावे. जून १९७५ मध्ये आणीबाणी लादली गेली, तेव्हा नुसते वाकायला सांगितलेली वृत्तपत्रे रांगू लागली, हा लालकृष्ण अडवाणी यांचा शेरा बहुतेकांना झोंबला. कारण तो खरा होता. अग्रलेखाची जागा कोरी सोडण्याचे धैर्य 'इंडियन एक्स्प्रेस'सारख्या मोजक्यांनीच दाखवले. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्राने त्याहून लाजिरवाणा प्रकार पाहिला. तत्कालीन मुख्यमंत्र्यांची थोरवी गाणारा एकच मजकूर, शब्दशः तोच, एकमेकांचे स्पर्धक म्हणवणाऱ्या दैनिकांत बातमी म्हणून छापून आला. आणीबाणीत निदान दंडुक्याचा धाक होता. येथे संशय थेट पैशाचाच होता. हे प्रकरण चव्हाट्यावर आणणारे पी. साईनाथ डाव्या विचारांचे, पण त्यांचे हे काम चोख होते आणि ते तसे म्हटलेच पाहिजे. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये या रोगावर सविस्तर अहवाल लिहिला, तर खुद्द परिषदेनेच तो आधी संपूर्ण प्रसिद्ध केला नाही. हिंदू समाजाच्या सणांना उपदेशाचे डोस पाजणाऱ्या आणि संघकार्याची बातमी करताना 'कथित', 'वादग्रस्त' अशी विशेषणे हाताशी ठेवणाऱ्या पुरोगामी पत्रपंडितांविषयी तर निराळे सांगायलाच नको.

म्हणून वाचक रुसला, हे समजण्यासारखे आहे. परंतु रुसून तो गेला कोठे? गवळी दुधात पाणी घालतो म्हणून त्याला बंद केले आणि रस्त्यात कोणा अनोळखी माणसाने पुढे केलेला पेला न विचारता मुलाच्या तोंडाला लावला, अशी ही तऱ्हा आहे. गवळ्याला निदान दारात उभे करून जाब विचारता येत होता. १८६७ च्या कायद्याने मुद्रक, प्रकाशक आणि मुद्रणस्थळ यांचा उल्लेख प्रत्येक अंकावर सक्तीचा केला. आता त्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आहे. पण अंकाच्या तळाशी बारीक टाइपात छापली जाणारी ती ओळ टिकून आहे. त्या ओळीचा अर्थ एवढाच की, या मजकुरासाठी न्यायालयात कोणाला उभे करायचे ते ठरलेले आहे. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या मजकुराखाली ही ओळ नसते.

नसली तर काय होते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच माणसे जमावाने ठेचून मारली. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या भागात आधीच फिरत होती. मारले गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे भटके लोक. नाथांचे नाव घेत गावोगाव हिंडणारी ही परंपरा याच मातीतली; शतकानुशतके तिला गावाने पसाभर पीठ दिले. त्याच समाजाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. त्या काळात देशभर पसरलेल्या चित्रफितींपैकी एक तर चक्क कराचीतील होती. मुलांच्या सुरक्षेसाठी तेथे तयार केलेल्या जाहिरातीचा खुलासा करणारा शेवट कोणीतरी कापला आणि उरलेला भाग भारतात धावला. पाकिस्तानातून आलेल्या तुकड्याने भारतात माणसे मारली जावीत, यासाठी शत्रूला हातही हलवावा लागला नाही. आपल्याच बोटांनी ते काम केले. पुढे एप्रिल २०२० मध्ये पालघरजवळ गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली, तेव्हाही त्या भागात अशाच अफवांचे पीक होते. साधूंच्या हत्येने हळहळलेल्या घरांनी राईनपाड्याचे नाव किती वेळा घेतले, हा प्रश्न अप्रिय आहे. तरी तो विचारला पाहिजे.

यावर एक आक्षेप नक्की येईल, आणि तो जुन्याजाणत्या कार्यकर्त्यांकडूनच येईल. आणीबाणीत खरी बातमी निनावी पत्रकांनीच दिली ना? लोकसंघर्ष समितीच्या सायक्लोस्टाइल कागदावर कोणाचे नाव होते? आक्षेप बिनतोड वाटतो, पण ते पत्रक घरी कसे येत होते, हेही आठवावे. ते घेऊन येणारा ओळखीचा होता. पिशवीत तो कागद सापडला तर मिसाखाली तुरुंग ठरलेला, हे त्याला ठाऊक होते. घेणाऱ्यालाही ठाऊक होते. कागदावर नाव नसले तरी त्यामागे एक माणूस आपल्या संसारासह उभा होता. ज्या शब्दासाठी गजाआड जावे लागेल, तो शब्द माणूस दहा वेळा तपासून पुढे देतो. आजचा फॉरवर्ड चहाचा घोट घेता घेता जातो. तो खोटा निघाला तर पाठवणारा एवढेच म्हणतो : "मलाही आला होता."

पवनेच्या पलीकडे चापेकरांचे चिंचवड आहे. रँडचा वध झाला त्या १८९७ साली 'केसरी'तील लेखांसाठी टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली, हे थेरगावातला शाळकरी मुलगाही सांगेल. त्याआधीची पंधरा वर्षांपूर्वीची शिक्षा मात्र फारशी सांगितली जात नाही. १८८२ साली कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्धची काही पत्रे खरी मानून 'केसरी' आणि 'मराठा' यांनी आरोप छापले. छत्रपतींचा छळ होतो आहे या तळमळीने छापले. हेतू निर्मळ होता. पत्रे न्यायालयात बनावट ठरली. टिळक आणि आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, पण 'आम्हाला जे मिळाले ते आम्ही छापले' असे म्हणून ते मोकळे झाले नाहीत. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे बाहेर आले. फसवले गेलेल्या संपादकांनीही चुकीची किंमत स्वतःच्या देहाने मोजली. लोकांचा 'केसरी'वरचा विश्वास त्या शिक्षेने उडाला नाही. सुटून आलेल्या संपादकांचे लोकांनी स्वागतच केले.

दैनिक बंद करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. अंकाची छापील किंमत त्याचा पुरता खर्च भरून काढत नाही. उरलेला भार जाहिरातदार उचलतो, आणि त्या जाहिरातदारांत शासन मोठे असते. प्रत्येक वाचक सुटला की हे पारडे तितके खाली जाते. 'विकले गेले' म्हणून ज्याला सोडले, त्याला विकले जाण्यावाचून दुसरा मार्गच उरत नाही. राष्ट्रीय विचारांच्या नियतकालिकांची कथा वेगळी नाही. त्यांचे कौतुक बैठकीत होते. वर्गणीचा विषय निघाला की बैठक आटोपते.

खोट्या बातमीविरुद्ध वृत्तपत्र परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी आधी संपादकाला लेखी कळवावे लागते, आणि दैनिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. एखाद्या दैनिकाने उत्सवाविषयी किंवा शाखेविषयी विपर्यस्त मजकूर छापला की त्याचे छायाचित्र थेरगावपासून चाकणपर्यंत तासाभरात फिरते, खाली संतापाच्या प्रतिक्रियांची रांग लागते, संपादकाच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. त्या संपादकाच्या टेबलावर मात्र त्या आठवड्यात एकही पत्र पोहोचलेले नसते.